गीतारहस्य: मंडालेच्या आधीची छत्तीस वर्षे

टिळकांनी गीतारहस्य मंडालेच्या तुरुंगात लिहिले, हे खरे. पण तिथे झाली ती फक्त मांडणी. गीतेशी पहिली ओळख झाली ती १८७२ साली, असे प्रस्तावनेतच आहे. वडील शेवटच्या आजारात होते आणि सोळा वर्षांचा मुलगा त्यांना ‘भाषाविवृति’ ही मराठी टीका वाचून दाखवत होता. पुढे एक शंका अडून राहिली: लढायला नकार देणाऱ्या अर्जुनाला उभे करायचे होते, तर टीकाकारांना गीतेत नुसते ज्ञान किंवा नुसती भक्तीच कशी दिसते?

तेव्हा त्यांनी टीका बाजूला ठेवून मूळ गीता पुनःपुन्हा वाचली. तात्पर्य ठरवायला कसोटी घेतली तीही जुनीच, मीमांसकांची, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या शास्त्रकारांची: उपक्रम-उपसंहार (आरंभ आणि शेवट), अभ्यास (पुनरुक्ती), अपूर्वता (नवेपणा), फल (परिणाम), अर्थवाद (प्रशंसेची वचने), उपपत्ती (युक्तिवाद). आरंभी अर्जुन धनुष्य टाकतो, शेवटी ‘करिष्ये वचनं तव’ म्हणतो (१८.७३). मध्ये ‘तस्माद्युध्यस्व’ (२.१८), ‘मामनुस्मर युध्य च’ (८.७) अशी आज्ञा पुन्हा पुन्हा येते, अभ्यास म्हणतात तो हाच. निष्कर्ष निघाला कर्मयोगाचा. ज्ञानभक्ती त्यात आहेतच, पण कर्म सोडण्यासाठी नव्हे.

२२ जुलै १९०८ रोजी सहा वर्षांची शिक्षा झाली. खर्डा १९१०-११ च्या हिवाळ्यातला, वह्यांत पेन्सिलीने लिहिलेला. सत्यभामाबाई गेल्या जून १९१२ मध्ये, म्हणून या ग्रंथात पत्नीवियोगाचे सांत्वन शोधणे कालक्रमालाच धरून नाही. जून १९१४ मध्ये सुटका झाली, तरी वह्या लगेच हाती आल्या नाहीत. ग्रंथ छापून निघाला १९१५ साली.

स्वतःच्या मनाविषयी टिळक इथे जवळजवळ बोलतच नाहीत. प्रस्तावना उघडते तुकोबांच्या ‘संतांची उच्छिष्टें बोलतों उत्तरें’ने आणि अर्पणपत्रिकेत आहे ‘श्रीशाय जनतात्मने’, म्हणजे जनतारूपी श्रीपतीला. लोकांतच ईश्वर पाहणारा राजकारणी त्या दोन शब्दांत सापडतो. मला तरी चरित्रांपेक्षा तेच जास्त बोलके वाटतात.

वाचणाऱ्यांची गाडी अडते ती बहुधा सातव्या-आठव्या प्रकरणात, सांख्यांच्या, म्हणजे प्रकृती-पुरुष मानणाऱ्या दर्शनाच्या तत्त्वांपाशी. पंधरा प्रकरणे ओळीने घेतलीच पाहिजेत असे नाही. पहिले प्रकरण, मग थेट अकरावे (‘संन्यास आणि कर्मयोग’), मग चौदावे वाचावे. सगळा वाद अकराव्यात आहे. श्लोकांचे भाषांतर आणि टिपा त्यानंतर उघडाव्या, कारण टिपा वाचक प्रकरणे वाचून आला आहे असे धरूनच लिहिल्या आहेत.