पार्श्वभूमी : १,७६,६३,१९,०४९ ही संख्या आणि तिचे वाचन

एका धन पूर्णांकाच्या वर्गातून दुसऱ्या धन पूर्णांकाच्या वर्गाची ६१ पट वजा करून नेमका १ उरावा, ही अट पाळणाऱ्या सर्वांत लहान जोडीतील मोठी संख्या म्हणजे १,७६,६३,१९,०४९. तिची जोडीदार २२,६१,५३,९८०. ६१ च्या जागी ६० घेतल्यास ३१ आणि ४ एवढ्यावर काम भागते, ६२ घेतल्यास ६३ आणि ८ पुरतात. मधल्या ६१ लाच अब्जापर्यंत जावे लागते. संख्या मूळ नाही, तिला ११ ने भाग जातो. मोठीला लहानीने भागल्यास ६१ चे वर्गमूळ सतरा दशांश स्थळांपर्यंत अचूक मिळते.

अशा समीकरणांचा, म्हणजे वर्गप्रकृतीचा, विचार सातव्या शतकातला आहे; ६१ चे उदाहरण मात्र भास्कराचार्यांच्या ११५० च्या ‘बीजगणित’ या ग्रंथात येते. एका जोडीवरून पुढची जोडी काढत जाण्याच्या चक्रवाल रीतीने ८ आणि १ या जोडीपासून निघाल्यास पुढच्याच पायरीला ३९ आणि ५ मिळतात, बाकी उणे ४ राहते, आणि तेथून ‘भावना’ या, दोन जोड्यांच्या गुणाकारातून नवी जोडी देणाऱ्या जुन्या नियमाने उत्तर हाती येते. चाळीसगावजवळच्या पाटण येथील १२०७ च्या शिलालेखात भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांच्या नातवाने काढलेल्या मठाची नोंद आहे, म्हणजे हे गणित खानदेशात केवळ पोथीत राहिले नव्हते. १६५७ मध्ये एका फ्रेंच गणितज्ञाने हाच ६१ चा प्रश्न समकालीनांपुढे ठेवला. पुढे या समीकरणाला नाव मिळाले ते, हे समीकरण न सोडवलेल्या जॉन पेल या इंग्रजाचे, आणि पाठ्यपुस्तकांनी ते अजून सोडलेले नाही.

खरा गुंता ही संख्या वाचण्यात आहे. भास्कराचार्यांच्याच ‘लीलावती’ या ग्रंथातील स्थानसंज्ञांनुसार तिचे अंक डावीकडून एक अब्ज, सात अर्बुद, सहा कोटी, सहा प्रयुत, तीन लक्ष, एक अयुत, नऊ सहस्र, शून्य शत, चार दश आणि नऊ एक असे येतात. येथे अर्बुद म्हणजे दहा कोटी. यजुर्वेदातील यादीत मात्र अयुत, नियुत, प्रयुत यांच्यानंतर येणारा अर्बुद एक कोटीएवढाच भरतो. आणि याच शब्दापासून झालेला हिंदीतील अरब शंभर कोटींचा, म्हणजे आपल्या अब्जाएवढा आहे. एकच शब्द तीन ठिकाणी एकेक शून्य पुढे सरकला आहे. खर्वाचीही तीच गत: लीलावतीत तो हजार कोटी, तर हिंदीतील खरब दहा हजार कोटी. या संज्ञा पूर्वीच्यांनी व्यवहारासाठी केल्या, असे लीलावतीच स्पष्ट सांगते, त्यामुळे त्यांपैकी एकीला शास्त्रशुद्ध आणि दुसरीला अपभ्रष्ट ठरवण्याचा आग्रह पटण्यासारखा नाही. अडचण होते ती रावेरपलीकडे बुऱ्हाणपूरच्या हिंदी मुलखाशी रोजचा व्यवहार असलेल्या भागात, जेथे मराठी वाचणारा ‘एक अब्ज शहात्तर कोटी’ म्हणतो, शेजारी ‘एक अरब छिहत्तर करोड’ म्हणतो, दोघांची संख्या जुळते, आणि जुनी पोथी उघडून अर्बुदाला अरब मानणाऱ्याची तेवढी दहा पटींनी चुकते.