हॅब्सबर्ग घराणे : वंशपरंपरा व कौटुंबिक जीवन

हॅब्सबर्ग (हॅप्सबर्ग) घराणे : मध्य युरोपातील एक सम्राट-घराणे. १२७३ मध्ये रूडॉल्फ पहिला याची जर्मन राजेपदी निवड झाली, तेव्हापासून १९१८ पर्यंत या घराण्याचा राजकारणाशी संबंध सुटला नाही. १४३८ ते १८०६ या काळात पवित्र रोमन साम्राज्याचे सिंहासन, १७४० नंतरची काही वर्षे वगळता, याच घराण्याकडे किंवा त्याच्या जावयाकडे राहिले. स्पेनवर त्याच्या एका शाखेने १५१६ ते १७०० राज्य केले. युद्धे, तह व प्रशासन यांचा विचार स्वतंत्रपणे करणे योग्य. प्रस्तुत नोंद कुळाचा उगम, सोयरिकी, वारसा आणि घरगुती व्यवहार यांपुरती मर्यादित आहे.

मूळ व वंशावळी : घराण्याला नाव देणारा गढीवजा किल्ला आजच्या स्वित्झर्लंडमधील आरगाऊ प्रांतात आरे नदीजवळ आहे. त्याचे बांधकाम बहुधा अकराव्या शतकाच्या पूर्वार्धातले असून ‘हॅब्सबर्गचा काउंट’ हे बिरुद त्यानंतर बऱ्याच काळाने, ११०८ च्या सुमारास, ओटो दुसरा याच्या नावाशी जोडलेले आढळते. गंमत अशी, की हा मूळ मुलूख घराण्याला राखता आला नाही. १४१५ मध्ये स्विस संघराज्याने आरगाऊ जिंकला, आणि तोपर्यंत घराण्याचे सारे लक्ष ऑस्ट्रियाकडे लागलेले होते.

आरंभीच्या पिढ्यांची माहिती मुख्यतः मूरी येथील बेनेडिक्टाइन मठाच्या वृत्तांतावरून मिळते. हा वृत्तांत साधारण ११६० चा मानतात. परंतु तो उपलब्ध आहे तो सुमारे अडीचशे वर्षांनंतरच्या नकलेत. त्यात ‘श्रीमंत गुंट्राम’ हा मूळपुरुष, त्याचा मुलगा लान्झेलिन आणि नातू राडबोट अशी परंपरा दिली आहे. राडबोट व त्याची पत्नी लोरेनची इडा यांनी १०२७ च्या सुमारास मठ स्थापन केला. मठाची जमीन मुळात शेतकऱ्यांकडून बळकावलेली होती, हे कळल्यावर इडेने दानाचा आग्रह धरला, असेही वृत्तांत सांगतो. आश्रयदात्याविषयी मठानेच असे लिहून ठेवावे हे विशेष, आणि त्यामुळेच या मजकुराची विश्वसनीयता वाढते. याउलट स्ट्रासबर्गचा बिशप व्हेर्नर हाच संस्थापक होता असे सांगणारी १०२७ ची सनद आहे. पण ती अकराव्या शतकाच्या अखेरीस रचलेली असावी, असे बहुतेक अभ्यासक मानतात. व्हेर्नर हा राडबोटचा भाऊ की मेहुणा, याविषयीही एकमत नाही.

खरा वाद गुंट्रामचा आहे. राजा (पुढे सम्राट) ओटो पहिला याने ९५२ मध्ये आल्सासच्या एका गुंट्राम नावाच्या काउंटला राजद्रोहाबद्दल दोषी ठरवून त्याच्या जमिनी जप्त केल्या. तो आणि मूरीच्या वृत्तांतातला गुंट्राम एकच मानल्यास घराण्याचा संबंध सातव्या शतकातील आल्सासच्या एटिखो या सरदाराच्या कुळापर्यंत नेता येतो. काळ आणि नाव जुळतात, आल्सासमधील पुढच्या मालमत्ताही जुळतात; मात्र दोघांना थेट जोडणारा समकालीन दस्तऐवज नाही. तेव्हा हे एकत्व संभवनीय म्हणावे, सिद्ध म्हणू नये. हे मत सतराव्या शतकात पुढे आले आणि अठराव्या शतकात मार्क्वार्ड हेरगॉट या बेनेडिक्टाइन विद्वानाने १७३७ मध्ये मूळ सनदांच्या आधारे ते विस्ताराने मांडले. आदल्याच वर्षी घराण्याच्या वारस कन्येचा विवाह लोरेनच्या ड्यूकशी झाला होता, आणि लोरेनचे कूळही त्याच एटिखोपासून निघाल्याचे सांगितले जाई. दोन्ही घरांचे मूळ एकच ठरणे दरबाराला सोयीचे होते, हे लक्षात ठेवलेले बरे.

त्याआधीच्या वंशावळी निखालस कल्पित आहेत. मध्ययुगाच्या उत्तरार्धात रोममधील कोलोना घराण्याशी नाते जोडले जाई. सम्राट मॅक्सिमिलियन पहिला (१४५९–१५१९) याला ते अपुरे वाटले. त्याने याकोब मेनेल या पंडिताला मठामठांतून कागदपत्रे धुंडाळायला लावले. मेनेलने १५१८ मध्ये पूर्ण केलेल्या इतिवृत्तात फ्रँक राजांच्या मार्गाने वंश थेट ट्रॉयच्या हेक्टरपर्यंत पोहोचवला. योहानेस स्टाबिउस याची मजल तर नोहापर्यंत गेली. आपल्याकडचे जुने कुलवृत्तांत चाळणाऱ्यांना ही रीत अनोळखी वाटणार नाही. चित्रकार ड्यूरर व त्याच्या साथीदारांनी मॅक्सिमिलियनसाठी रेखाटलेल्या भव्य ‘मानकमानी’च्या मुद्राचित्रात मधोमध हाच वंशवृक्ष आहे.

बनावट सनद : वंशावळीपेक्षा अधिक परिणाम झाला तो एका बनावट सनदेचा. ड्यूक रूडॉल्फ चौथा याने १३५८–५९ मध्ये पाच जुन्या सनदा ‘शोधून’ काढल्या. त्यांपैकी एकीत जूलियस सीझर व नीरो यांनी ऑस्ट्रियाला दिलेले विशेषाधिकारही उद्‌धृत केले होते. सम्राट चौथा चार्ल्स हा रूडॉल्फचा सासराच. त्याने सीझर व नीरोची पत्रे पेत्रार्क या इटालियन कवी-पंडिताकडे अभिप्रायासाठी पाठवली. पेत्रार्कने १३६१ मध्ये ती भाषेवरून व कालोल्लेखावरून खोटी ठरवली आणि चार्ल्सने मान्यता दिली नाही. पण १४५३ मध्ये फ्रीड्रिख तिसरा या हॅब्सबर्ग सम्राटानेच त्या सनदांवर शिक्कामोर्तब केले, आणि ‘आर्चड्यूक’ ही पदवी कायदेशीर झाली. घराण्यातील प्रत्येक मुलगा-मुलगी पुढे हीच पदवी लावत असे. व्हिल्हेल्म व्हाटेनबाख याने १८५२ मध्ये बनावटपणा शास्त्रीय पद्धतीने सिद्ध केला.

याच सनदांत मुलूख अविभाज्य असल्याचे व तो थोरल्याकडे जावा असेही नमूद होते. प्रत्यक्षात रूडॉल्फच्याच दोन धाकट्या भावांनी १३७९ मध्ये वाटणी केली. पुढची सुमारे शंभर वर्षे भाऊबंदकीतच गेली. १५६४ मध्ये पुन्हा तीन मुलांत वाटणी झाली आणि तिरोलची पाती १६६५ मध्ये खुंटल्यावर सारा मुलूख एकत्र आला.

सोयरिकी : १४७७ मध्ये मॅक्सिमिलियनने बर्गंडीच्या मेरीशी विवाह केला व नेदरलँड्स घरात आले. १४९६ मध्ये त्याचा मुलगा फिलिप याचा कास्तीलच्या हुआनाशी विवाह झाला. तिची थोरली भावंडे वारल्याने स्पेनचा वारसा तिच्याकडे आला. १५१५ मध्ये व्हिएन्नात हंगेरी-बोहीमियाच्या राजघराण्याशी दुहेरी विवाहांचे साटेलोटे ठरले, आणि तेथील राजा लुई १५२६ मध्ये मोहाचच्या लढाईत निपुत्रिक मेल्यावर दोन्ही मुकुट त्याचा हॅब्सबर्ग मेहुणा फर्डिनांड याच्याकडे गेले. ‘युद्धे इतरांना करू दे, भाग्यवान ऑस्ट्रिया, तू लग्ने कर’ या अर्थाचा लॅटिन चरण हंगेरीचा राजा मात्याश याच्या नावावर सांगतात. तो त्याचा असण्याचा संभव कमी. शिवाय तिन्ही प्रसंगी लग्नाइतकाच दुसऱ्या घरातल्या मृत्यूंचा वाटा होता.

पोर्तुगालचेही असेच. स्पेनचा राजा फिलिप दुसरा याचा भाचा, पोर्तुगालचा राजा सेबास्तियान १५७८ मध्ये मोरोक्कोत मारला गेला, त्याच्यामागून आलेला वृद्ध राजाही वारला, आणि आईकडून मिळालेल्या हक्कावर फिलिपने १५८० मध्ये पोर्तुगाल घेतले. त्यामुळे गोवा, चौल व वसई १६४० पर्यंत हॅब्सबर्ग राजांच्या अंमलाखाली होती. कारभार मात्र पोर्तुगीज कायद्याने व पोर्तुगीजांच्याच हाती राहिला.

आप्तविवाह : परक्या घरात गेलेली मालमत्ता परत आणायची, तर मुलीच्या मुलीला सून करून घेणे हा सरळ उपाय होता. हिंदू राजघराण्यांना असलेली दत्तकाची वाट येथे खुली नव्हती. फिलिप दुसरा याची पहिली पत्नी मारिया मानुएला ही त्याची आतेबहीणही होती आणि मामेबहीणही. त्यांचा मुलगा डॉन कार्लोस (१५४५–६८) याला आठऐवजी चारच पणजोबा-पणज्या होत्या.

मराठी नातेसंज्ञा लावून पाहिल्यास एक गोष्ट ठळक होते. युरोपीय लेखक ज्यांना सरसकट ‘चुलता-पुतणी’ छापाचे विवाह म्हणतात, त्यांतले प्रमुख सगळे मामा-भाचीचे आहेत : फिलिप दुसरा व ॲना (१५७०), ऑस्ट्रियाचा आर्चड्यूक चार्ल्स व बव्हेरियाची मारिया ॲना (१५७१), तिरोलचा फर्डिनांड व ॲना गोन्झागा (१५८२), फिलिप चौथा व मारियाना (१६४९), सम्राट लेओपोल्ड पहिला व मार्गारीटा (१६६६). बहीण बाहेर दिली जाई, तिची मुलगी परत येई. चर्चच्या कायद्याने हे नाते निषिद्ध असल्याने प्रत्येक वेळी पोपची सूट मिळवावी लागे. त्यातही ॲना ही आधी डॉन कार्लोससाठी, तर मारियाना ही फिलिप चौथ्याचा मुलगा बाल्तासार कार्लोस याच्यासाठी ठरलेली होती. मुलगे वारले, आणि वधूचे लग्न विधुर बापाशी लागले. मारियाना तेव्हा १४ वर्षांची व फिलिप ४४ वर्षांचा होता. मार्गारीटाची बालपणीची चित्रे स्पेनचा दरबारी चित्रकार वेलास्केस याच्याकडून रंगवून घेऊन व्हिएन्नाला पाठवली जात, ती नियोजित वराला मुलगी कशी वाढते आहे हे दिसावे म्हणून. ती आज व्हिएन्नाच्या कला-संग्रहालयात आहेत. मार्गारीटा २१ व्या वर्षी वारली आणि तिच्या चार अपत्यांपैकी एकच मुलगी जगली.

आल्व्हारेस, सेबायोस व किंतेइरो या स्पॅनिश संशोधकांनी २००९ मध्ये सोळा पिढ्यांतील तीन हजारांहून अधिक व्यक्तींच्या वंशावळीवरून अंतःप्रजनन गुणांक (आई व बाप या दोघांकडून एकाच पूर्वजाचा तोच जनुक मिळण्याची शक्यता) काढला. फिलिप पहिला (हुआनाचा नवरा) याचा गुणांक ०.०२५, तर शेवटचा स्पॅनिश हॅब्सबर्ग राजा कार्लोस दुसरा (१६६१–१७००) याचा ०.२५४ आला. सख्ख्या बहीण-भावाच्या अपत्याचा गुणांक ०.२५ असतो, यावरून कल्पना यावी. १५२७ ते १६६१ या काळात स्पॅनिश राजकुटुंबात जन्मलेल्या ३४ मुलांपैकी १० पहिल्या वर्षात व एकूण १७ दहा वर्षांच्या आत दगावली. त्याच काळात स्पॅनिश खेड्यांतील अर्भकमृत्यूचे प्रमाण सुमारे वीस टक्के होते, म्हणजे राजवाड्यापेक्षा कमीच. कार्लोसची दुखणी दोन आनुवंशिक विकारांनी स्पष्ट होतात, हे त्यांचे पुढचे अनुमान मात्र जपून घ्यावे. ते समकालीन वर्णनांवर बेतलेले आहे, आणि ती वर्णने बहुतांशी वारशाकडे डोळे लावून बसलेल्या परकीय राजदूतांची आहेत.

‘हॅब्सबर्ग हनुवटी’, म्हणजे पुढे आलेला खालचा जबडा व जाड खालचा ओठ, हिचा उगमही वादग्रस्त आहे. परंपरेने तिचे खापर माझोव्हियाची झिम्बुर्गिस (मृत्यू १४२९) या पोलिश राजकन्येवर फोडले जाते. तिचे विश्वसनीय समकालीन चित्र नसल्याने हे मत तपासता येत नाही. बर्गंडी व कास्तील या घराण्यांकडेही बोट दाखवले गेले आहे. निश्चित म्हणता येते ते मॅक्सिमिलियनपासून. हुआनाचा मुलगा सम्राट पाचवा चार्ल्स याचा जबडा लांब असून दात एकमेकांवर नीट बसत नसत, असे व्हेनिसच्या राजदूताने नोंदवले आहे. २०१९ मध्ये दहा शल्यविशारदांनी १५ व्यक्तींची ६६ व्यक्तिचित्रे तपासली. जबड्याचे लक्षण चौथ्या फिलिपमध्ये सर्वांत तीव्र व बर्गंडीच्या मेरीमध्ये सर्वांत सौम्य आढळले, आणि अंतःप्रजननाशी त्याचा संबंध दिसून आला. बर्गंडीचे मत यामुळे काहीसे दुबळे होते. तरी दरबारी चित्रकार किती प्रामाणिक होते, हा प्रश्न उरतोच.

वारसा-करार व मारिया तेरेसा : पुरुषवारस संपत आल्याने सम्राट चार्ल्स सहावा याने १९ एप्रिल १७१३ रोजी ‘प्रॅग्मॅटिक सँक्शन’ जाहीर केले. मुलूख अखंड राहावा आणि मुलगा नसल्यास थोरल्या मुलीकडे जावा, अशी त्यात तरतूद होती. त्या वेळी चार्ल्सला एकही अपत्य नव्हते. कराराचा खरा रोख त्याच्या दिवंगत थोरल्या भावाच्या दोन मुलींवर होता : १७०३ च्या घरगुती कराराने त्यांना मिळणारा अग्रहक्क आता काकाच्या मुलींकडे गेला. पुतण्यांकडून लग्नाच्या वेळी हक्कसोड लिहून घेण्यात आली. तरीही १७४० मध्ये चार्ल्स वारताच त्यांच्यातल्या धाकटीच्या नवऱ्याने, बव्हेरियाच्या चार्ल्स आल्बर्टने, दावा मांडलाच.

मारिया तेरेसा (१७१७–८०) व लोरेनचा फ्रान्सिस स्टीफन यांचा विवाह १२ फेब्रुवारी १७३६ रोजी झाला. काटेकोर पाहिल्यास पुढचे घराणे पितृवंशाने लोरेनचे. म्हणूनच त्याला हॅब्सबर्ग-लोरेन म्हणतात. १७३७ ते १७५६ या काळात त्यांना १६ मुले झाली, ११ मुली व ५ मुलगे. सर्व मुलींच्या नावात मारिया असे, आणि मेलेल्या मुलीचे नाव पुढच्या मुलीला देण्याची पद्धत असल्याने मारिया कॅरोलिना तीन झाल्या. फक्त मारिया क्रिस्टिना हिला १७६६ मध्ये मनाजोगा वर मिळाला. बाकीच्यांची लग्ने परराष्ट्रधोरणानुसार ठरली. नेपल्सच्या राजासाठी योहाना ठरली होती, ती देवीने १७६२ मध्ये गेली. मग योसेफा ठरली, तीही देवीनेच १५ ऑक्टोबर १७६७ ला गेली. शेवटी मारिया कॅरोलिना पाठवण्यात आली. आईने योसेफाला भावजयीच्या शवपेटीपाशी प्रार्थनेला नेल्यामुळे तिला लागण झाली, ही गोष्ट फार प्रसृत आहे. परंतु पुरळ त्यानंतर लगेच उठला आणि देवीला अंगात मुरायला दहा-बारा दिवस लागतात, तेव्हा ती खरी नसावी. १७६८ मध्ये यान इंगेनहाउस याने उरलेल्या मुलांना देवी टोचली.

फ्रान्सिस १८ ऑगस्ट १७६५ रोजी इन्सब्रुक येथे मुलाच्या लग्नसोहळ्यात अचानक वारला. मारिया तेरेसाच्या प्रार्थनापुस्तकात एक चिठ्ठी सापडली. तिच्यात तिने नवऱ्याच्या आयुष्याचे महिने, आठवडे, दिवस व तास मांडले होते आणि आपला सुखी संसार २९ वर्षे, ६ महिने व ६ दिवस चालला असे लिहिले होते. हिशेब बरोबर आहे.

समकक्षता व दफनविधी : १८३९ च्या गुप्त कुटुंबनियमाने घरातील प्रत्येक लग्नाला कर्त्या पुरुषाची परवानगी बंधनकारक झाली व वधू राजकुळातलीच असावी असे ठरले. युवराज फ्रान्ट्‌स फर्डिनांडने सोफी खोतेक या काउंट-कन्येशी १९०० मध्ये विवाह केला, तेव्हा होणाऱ्या मुलांचा वारसाहक्क त्याला आधी शपथेवर सोडावा लागला. ती शपथ २८ जूनची, आणि सारायेव्हो येथील दोघांची हत्याही, १४ वर्षांनंतर, २८ जूनचीच. सोफीला घराण्याच्या दफनभूमीत जागा मिळणार नव्हती, म्हणून दोघांना आर्टश्टेटेन येथे पुरले. ती दफनभूमी म्हणजे व्हिएन्नातील कापुचिन मठाचे तळघर. १६५४ पासून १८७८ पर्यंत अनेकांचे देह तेथे, हृदये ऑगस्टिनियन चर्चमध्ये व आतडी सेंट स्टीफन कॅथीड्रलमध्ये ठेवली जात. कुळाबाहेरची एकच व्यक्ती तेथे आहे : मारिया तेरेसाची शिक्षिका काउंटेस फुक्स (मृत्यू १७५४).

१९१८ नंतर : ३ एप्रिल १९१९ च्या कायद्याने ऑस्ट्रियाने घराण्याची मालमत्ता घेतली, हक्क न सोडणाऱ्यांना देशबंदी झाली. शेवटचा सम्राट कार्ल १९२२ मध्ये मदीरा बेटावर वारला. त्याचा मुलगा ओटो याने १९६१ मध्ये हक्कसोड दिली आणि पुढे तो युरोपीय संसदेचा सदस्य झाला. त्याचे निधन २०११ मध्ये झाले.