गोव्यातील अभयारण्ये

गोव्याचा पूर्वेकडचा डोंगरपट्टा, म्हणजे सत्तरी तालुक्यापासून काणकोणपर्यंतचा सह्याद्री, बराचसा संरक्षित आहे. वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ खाली राज्यात एक राष्ट्रीय उद्यान आणि सहा अभयारण्ये येतात. त्यांचे क्षेत्र सुमारे ७५५ चौ. किमी., म्हणजे ३,७०२ चौ. किमी.च्या या राज्याचा पाचवा हिस्सा. किनाऱ्यावरूनच परतणाऱ्याला हे सहसा खरे वाटत नाही.

राष्ट्रीय उद्यानात गुरे चारायला मनाई असते आणि खासगी हक्क उरत नाहीत. अभयारण्यात मात्र जिल्हाधिकारी हक्कांची चौकशी करून त्यांतले काही चालू ठेवू शकतो. गोव्यातली बहुतेक भांडणे या चौकशीपाशीच अडली आहेत.

मोले, खोतीगाव (८६ चौ. किमी.) आणि बोंडला ही अभयारण्ये गोवामुक्तीनंतरच्या पहिल्या दशकातली. मोल्याला पुढे भगवान महावीर अभयारण्य हे नाव मिळाले. त्याच्या २४० चौ. किमी.पैकी १०७ चौ. किमी. भाग १९७८ साली राष्ट्रीय उद्यान झाला. दूधसागर आणि तांबडी सुर्लचे कदंबकालीन महादेव मंदिर याच रानात आहे. बोंडला जेमतेम ८ चौ. किमी.चे, पण तिथे प्राणिसंग्रहालय आहे आणि शाळांच्या सहली तिकडेच वळतात. राज्यप्राणी असलेला गवा अनेक गोवेकरांनी पहिल्यांदा पाहिला तो इथल्या कुंपणापलीकडे.

म्हादई (२०८ चौ. किमी.) आणि नेत्रावळी (२११ चौ. किमी.) ही दोन मोठी अभयारण्ये १९९९ साली राष्ट्रपती राजवटीत जाहीर झाली. राज्यपाल जे. एफ. आर. जेकब यांनी ती अधिसूचना काढली. मतदारांना सामोरे जायचे असलेल्या सरकारने हे धाडस केले असते असे वाटत नाही. एका अधिसूचनेसरशी गावे, कुळागरे (सुपारी-नारळाच्या बागा) आणि काजूच्या बागा अभयारण्यात आल्या, पण त्यांच्यावर कोणाचा कोणता हक्क, याचा निवाडा वर्षानुवर्षे रेंगाळला. सत्तरीत काजू म्हणजे घरातला रोख पैसा. बी विकायची, बोंडू (काजूचे फळ) तुडवून रस काढायचा, त्याची हुर्राक आणि फेणी ही दारू गाळायची. उन्हाळ्याच्या तोंडावर बागेखालचा पाला झाडून जाळायची रीतही जुनी. वनखात्याला त्या धुरात वणव्याची भीती दिसते, बागाइतदाराला वर्षाची कमाई. मार्च २०२३ मध्ये म्हादईचे रान अनेक दिवस पेटत राहिले आणि विझवायला हेलिकॉप्टरने पाणी ओतावे लागले.

वाघाचा प्रश्न याहून अवघड. सत्तरी-सांग्याच्या डोंगरवाटांवर वाघ्रो हा देव आहे. कुठे दगडात कोरलेला वाघ, कुठे नुसता दगड, पण रानात जाणारा त्याला हात जोडून पुढे जातो. याच सत्तरीत, म्हादई अभयारण्यातल्या गोळावली येथे जानेवारी २०२० मध्ये एक वाघीण आणि तिचे तीन बछडे विषबाधेने मेले. वाघांनी गुरे मारली होती आणि गुरे राखणाऱ्या धनगर-गवळी घरातल्या माणसांना अटक झाली. भरपाई वेळेवर हातात पडत नाही ही गुराख्यांची जुनी तक्रार आहे, आणि विषाची वाट तिथूनच सुरू होते.

मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २४ जुलै २०२३ रोजी म्हादई आणि लगतच्या क्षेत्रांत तीन महिन्यांत व्याघ्र प्रकल्प अधिसूचित करण्याचा आदेश दिला. लोक विस्थापित होतील, असे म्हणत राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. गंमत अशी की त्याच वर्षी जानेवारीत कर्नाटकाच्या कळसा-भांडुरा प्रकल्पाला, म्हणजे म्हादई नदीचे पाणी वळवण्यास, हरकत घेताना गोव्याने वन्यजीव कायद्याचेच कलम २९ पुढे केले होते. अभयारण्यात येणारा किंवा तिथून बाहेर वाहणारा प्रवाह परवान्याशिवाय वळवायला ते मनाई करते. अभयारण्य पाण्यासाठी हवे, वाघासाठी नको, असा हा हिशेब.

मोल्यातून रेल्वेचा दुसरा मार्ग, महामार्गाचे रुंदीकरण आणि वीजवाहिनी नेण्याच्या बेताविरुद्ध २०२० मध्ये मोठे आंदोलन झाले. त्यात तरुण फार होते. त्यांतल्या रेल्वे दुपदरीकरणाला वन्यजीव मंडळाने दिलेली मंजुरी सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये रद्द केली. हे रान तुटले तर तुटते ती साखळी: उत्तरेला म्हादई आणि कर्नाटकातले भीमगड, दक्षिणेला नेत्रावळी, खोतीगाव आणि काळी व्याघ्र प्रकल्प. वाघाला राज्याची हद्द ठाऊक नसते. आपल्या वनखात्यांना ती पुरती ठाऊक असते.

चोडण बेटावरचे सलीम अली पक्षी अभयारण्य (१९८८) मात्र या डोंगरी कुटुंबातले नव्हे. मांडवीकाठची १.७८ चौ. किमी. खारफुटी, एवढेच ते. रायबंदरहून फेरीबोटीने दहाएक मिनिटांत चोडणला उतरता येते. ओहोटीला खारफुटीची श्वासमुळे चिखलातून पेन्सिलींसारखी वर येतात, त्यांच्यामधून निवटे उड्या मारतात आणि तुतवार चोच खुपसत फिरतात. हुदाळे (पाणमांजरे) दिसले तर नशीब. ओहोटीत आतल्या फाट्यांत होडी रुतते, म्हणून निघण्याआधी भरतीची वेळ विचारून घ्यावी.