बॅकग्राउंड स्क्रिप्टची मालकी
युनिक्सवर बॅकग्राउंडला सोडलेली शेल स्क्रिप्ट कधीकधी प्रोसेसच्या यादीत भलत्याच युजरच्या, बहुधा रूटच्या (सर्वाधिकारी युजरच्या), नावावर दिसते. अशा वेळी पहिला संशय फाइलच्या मालकावर जातो आणि तिथेच वेळ फुकट जातो. फाइल कोणाची, याला सहसा महत्त्व नसते. प्रोसेसला मालकी मिळते ती जनक प्रोसेसकडून, म्हणजे जिने ती सुरू केली तिच्याकडून. अपवाद सेट-युआयडी बिटचा: फाइलवर ही खूण असली की प्रोसेस फाइलच्या मालकाच्या अधिकाराने चालते. ही कल्पना युनिक्सच्या निर्मात्यांपैकी एक, डेनिस रिची यांची. तिच्या पेटंटचा अर्ज १९७३ चा, मंजुरी १९७९ ची. पण स्क्रिप्टवरचा हा बिट लिनक्स मानतच नाही, त्यामुळे तो लावून मालक बदलण्याची खटपट वाया जाते.

जनक प्रोसेस आधी संपली तर पोरकी स्क्रिप्ट सहसा १ क्रमांकाच्या प्रोसेसकडे दत्तक जाते. जनक म्हणून १ दिसला की अनेकजण ती रूटची समजतात. आपल्याकडे दत्तक गेले की आडनाव बदलते; इथे मालक बदलत नाही.

नाव हाही पुरावा कच्चाच. कर्नल (सिस्टिमचा गाभा) फक्त युआयडीचा, म्हणजे युजरच्या क्रमांकाचा, आकडा ओळखतो. मुंबईत ब्लॉकच्या दारावर पाटी एकाची आणि सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर नाव दुसऱ्याचे असू शकते, त्यातलाच हा प्रकार. कंटेनरमधला (मशिनवरच वेगळ्या ठेवलेल्या वातावरणातला) ९९९ क्रमांकाचा युजर बाहेरच्या मशिनवर त्याच आकड्याच्या दुसऱ्या कोणाच्या नावाने दिसू शकतो. लांबलचक युजरनाव 'पीएस' या प्रोसेसची यादी दाखवणाऱ्या कमांडच्या आठ अक्षरांच्या रकान्यात मावत नाही, मग ते तोडले जाते किंवा नुसता आकडा छापला जातो. म्हणून 'प्रॉक' या प्रोसेसची माहिती देणाऱ्या डिरेक्टरीतल्या, त्या प्रोसेसच्या स्टेटस फाइलची युआयडीची ओळ पाहावी. तिथे रिअल (सुरू करणाऱ्याचा), इफेक्टिव्ह (अधिकार ठरवणारा), सेव्ह्ड (राखून ठेवलेला) आणि फाइलसिस्टिम (फाइली उघडताना वापरला जाणारा) असे चार आकडे ओळीने असतात.

खरा गुन्हेगार बहुधा सुरुवातीच्या क्षणी सापडतो. 'सुडो' (दुसऱ्याच्या, सहसा रूटच्या, अधिकाराने कमांड चालवणारी कमांड) लावून क्रॉनटॅब (ठरलेल्या वेळी चालवायच्या कामांची यादी) उघडला की रूटचा उघडतो, आपला नव्हे. फोर्टातल्या ब्रोकरच्या ऑफिसात बाजार साडेतीनला बंद झाल्यावर हिशेबाची स्क्रिप्ट चालते; सर्व्हर यूटीसीवर (भारतीय वेळेपेक्षा साडेपाच तास मागच्या जागतिक वेळेवर) असेल तर क्रॉनच्या लॉगमध्ये हीच वेळ १०:०० अशी शोधावी लागते. एखाद्या दिवशी ती अडकते, कोणीतरी घाईत रूट होऊन हाताने सोडतो आणि घरी जातो. त्या रात्री सगळे सुरळीत. दुसऱ्या दिवशी नेहमीच्या युजरला 'परमिशन डिनाइड', कारण नवी लॉग फाइल रूटच्या नावावर तयार झालेली असते. निम्म्या तक्रारींचे मूळ एवढेच, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

रीडायरेक्शनची (आउटपुट फाइलकडे वळवण्याची) खोच वेगळीच: 'सुडो'ने कमांड दुसऱ्याच्या नावाने चालते, पण पुढच्या बाणाची (>) फाइल आपलीच शेल उघडते. त्यामुळे प्रोसेस एकाची, फाइल दुसऱ्याची.

चालू प्रोसेसची मालकी बाहेरून बदलता येत नाही. ती थांबवावी, मागे राहिलेल्या लॉग, लॉक आणि पीआयडी (प्रोसेसचा क्रमांक ठेवणाऱ्या) फाइली 'चोन' या मालक बदलणाऱ्या कमांडने योग्य युजरच्या नावावर कराव्यात आणि मगच त्या युजरच्या नावाने स्क्रिप्ट पुन्हा सुरू करावी.