रिओतली ती स्पर्धा झालीच नव्हती

डब्ल्यूडब्ल्यूएफ (आताची डब्ल्यूडब्ल्यूई) या अमेरिकन व्यावसायिक कुस्ती कंपनीच्या इंटरकॉन्टिनेंटल किताबाची एक गोष्ट वर्षानुवर्षं सांगितली जाते: सप्टेंबर १९७९ मध्ये रिओ दि जानेरोत स्पर्धा झाली, पॅट पॅटरसन या मल्लाने आपल्या उत्तर अमेरिकन पट्ट्याला (म्हणजे किताबाला) दक्षिण अमेरिकन पट्टा जोडला आणि तो पहिला विजेता ठरला. अशी स्पर्धा झालीच नाही. दक्षिण अमेरिकन किताबही निव्वळ कागदावरचा.

लढत झाली ती जून १९७९ मध्ये, अमेरिकेतल्या ॲलनटाउनला. तिथे टेड डिबियासीला हरवून पॅटरसनने उत्तर अमेरिकन पट्टा कमरेला बांधला, तोही प्रत्यक्ष प्रेक्षकांसमोर. एवढ्या कसलेल्या मल्लाला बनावट विजयाची गरजच नव्हती, म्हणून ही कथा मला खटकते.

१९६३ मध्ये याच कंपनीने बडी रॉजर्स या मल्लाला आपला जगज्जेता जाहीर करतानाही रिओतल्याच स्पर्धेचं नाव पुढे केलं होतं. तीही झाली नव्हती.