वजनावर कचरा शुल्क

घरातल्या कचऱ्याचं वजन करून किलोमागे पैसे घ्यायची पद्धत. नुसत्या किलोवर बिल सहसा निघत नाही, वर्षाची ठरलेली रक्कम, डबा उचलायचा दर आणि त्यावर किलोचा दर असं मिळून निघतं.

सुरुवात कुठे झाली यावर एकमत नाही. अमेरिकन लिखाणात कॅलिफोर्नियातल्या रिचमंडचं नाव १९१६ सालासाठी येतं, युरोपात स्वित्झर्लंडच्या सेंट गालेन शहराची १९७५ची पिशवीमागची फी धरतात. पण दोन्हीकडे मोजले जायचे डबे नाहीतर पिशव्या, वजन नाही, त्यामुळे त्यांना वजनाच्या पद्धतीचा उगम म्हणणं जरा ताणलेलंच वाटतं. उचलतानाच तोल, म्हणजे वजन, करून तो थेट त्या घराच्या खात्यावर चढवायचा तर लोडसेल (वजन मोजणारा सेन्सर) आणि डबा ओळखणारी चिप परवडायला हव्यात, म्हणून साधारण १९८०चं दशक संपता संपता हा काळ धरणं जास्त सुरक्षित. अमेरिकेतल्या सिएटल शहराने याच सुमारास ‘गार्बेज बाय द पाउंड’ नावाचा छोटा प्रयोग केला. ॲमस्टरडॅमजवळच्या ओस्टझान गावात १९९३ला वजनावर आकारणी सुरू झाली आणि अभ्यासकांनी त्या गावाचे आकडे भरपूर चिवडलेत, तिथे कुजणारा कचरा बाकीच्यापेक्षा बराच जास्त घटला.

पिशवी सोडून वजनच का, याचं उत्तर लोकांच्या पायात आहे. पैसे आकारमानावर असले की लोक कचरा तुडवून तुडवून भरतात, सिएटलमध्ये याला ‘सिएटल स्टॉम्प’ असं नावच पडलं. फुलर्टन आणि किनमन या अमेरिकन अर्थतज्ज्ञांनी व्हर्जिनियातल्या शार्लट्सव्हिलची ७५ घरं तपासली (निबंध १९९६चा), पिशवीला ८० सेंटचं स्टिकर लागू झाल्यावर पिशव्यांचं आकारमान ३७ टक्के घटलं, वजन मात्र फक्त १४ टक्के, आणि त्यातलाही काही भाग गुपचूप दुसरीकडे टाकला जात असावा असा त्यांचा अंदाज.

यंत्रणा अशी, की डब्याच्या काठाखाली चिप असते, गाडीच्या लिफ्टवर ती चिप वाचणारं यंत्र आणि लोडसेल. भरलेला डबा वर जाताना एक तोल, रिकामा खाली येताना दुसरा, फरक तेवढा बिलात. लिफ्ट थांबवून केलेला तोल जास्त भरवशाचा पण वेळखाऊ, चालत्या लिफ्टवरचा झटपट पण हादरे, वारा, उतारावर उभी गाडी यांनी बिघडणारा. शिवाय हा व्यापारी तोल असल्यामुळे काटा प्रमाणित असावा लागतो, ओआयएमएल या वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या आर ५१ या शिफारशीत गाडीवरचे असे काटे येतात. हा सगळा खर्च धरूनच डाइकग्राफ आणि ग्राडुस या डच अभ्यासकांनी २००४मध्ये दाखवलं की पिशवीची पद्धत कचरा जवळपास वजनाच्या पद्धतीइतकाच कमी करते आणि चालवायला स्वस्त पडते. हे मत जास्त पटण्यासारखं आहे, निदान लहान गावांसाठी तरी.

दक्षिण कोरियात १९९५पासून बाकी कचऱ्याला ठरावीक पिशव्या आहेत, खरकट्याला मात्र २०१३पासून बऱ्याच सोसायट्यांत वजन लागतं: कार्ड टेकवलं की झाकण उघडतं, ओतलं की स्क्रीनवर वजन येतं आणि ते त्या घराच्या नावावर चढतं. खरकट्यात बहुतेक पाणीच असल्यामुळे बायका-पुरुष सगळे ते आधी नीट निथळून घेतात. आयर्लंडमध्ये १ जुलै २०१६पासून सक्तीची वजन-आकारणी येणार होती, पण डायपरवाली घरं आणि आजारी माणसं यांचं बिल किती वाढेल यावरून इतका गदारोळ झाला की ती पुढे ढकलली, नंतर फक्त सरसकट ठरलेली फी बंद करत आणली.

महाराष्ट्रात घरगुती कचऱ्याला वजनाचा दर रुळलेला नाही. २०१६च्या घनकचरा नियमांनी नगरपालिकांना युजर चार्जेस घ्यायला सांगितलं, पण ते घरामागे ठरतात, पुण्यात ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेच्या कचरावेचक बायका महिन्याला दारावर घेतात तसे. घरात काटा दिसतो तो रद्दीवाल्याकडे, आणि तिथे पैसे उलट आपल्याला मिळतात. कचऱ्याचं वजन पुढे कंत्राटदाराच्या टनावरच्या बिलात येतं, आणि त्यात डेब्रिज (बांधकामाचा राडारोडा) मिसळून टन वाढवल्याच्या तक्रारी मुंबईत झाल्या आहेत.