पाककृतींतील मापनपद्धती

पाककृतींतील मापनपद्धती : पाककृतीतील जिन्नसांचे प्रमाण मेट्रिक (ग्रॅम, मिलिलिटर) किंवा इंपीरियल (पौंड, औंस, पाइंट) मापांत देण्याची रीत. पाककृतींच्या पुस्तकांत ‘इंपीरियल’ ही संज्ञा बरीच सैल वापरली जाते. खरे पाहता ती ब्रिटनच्या १८२४ च्या कायद्याने ठरवलेल्या मापांनाच लागू पडते. अमेरिकेने त्याआधीचा २३१ घन इंचांचा वाइन गॅलनच (गॅलन म्हणजे ८ पाइंट) चालू ठेवला. परिणामी ब्रिटिश पाइंट ५६८ मिलि., तर अमेरिकी ४७३ मिलि. भरतो. पण ब्रिटिश पाइंटाचे २० भाग पडतात व अमेरिकी पाइंटाचे १६, म्हणून द्रव औंस मात्र उलट ब्रिटिशांचाच किंचित लहान आहे (२८.४ मिलि.; अमेरिकी २९.६ मिलि.). वजनाचा औंस (२८.३५ ग्रॅ.) दोन्हीकडे एकच.

कपाबाबत तर एकवाक्यता नाहीच. अमेरिकी कप सुमारे २३७ मिलि., ऑस्ट्रेलियातील २५० व जपानमधील २०० मिलि. असतो. टेबलस्पून बहुतेक ठिकाणी १५ मिलि., ऑस्ट्रेलियात २० मिलि. धरतात.

शिगोशीग न भरता सपाट कप-चमचा मोजण्याचे श्रेय सामान्यतः अमेरिकी पाककृती-लेखिका फॅनी फार्मर यांच्या १८९६ मधील पुस्तकाला देतात. मात्र बॉस्टनच्या ज्या पाकशाळेत त्या शिकल्या, तेथील मेरी लिंकन यांच्या १८८४ च्या पुस्तकातही मापांचा विचार आढळतो. तेव्हा फार्मर यांना जनकत्वापेक्षा प्रसाराचे श्रेय देणे अधिक सयुक्तिक वाटते.

पद्धत निवडताना एकक कोणते यापेक्षा वजन की आकारमान, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. पिठात कप खुपसून भरला तर मैदा सुमारे १५० ग्रॅ. बसतो, चमच्याने हलकेच भरून वर सुरी फिरवली तर १२० ग्रॅमच्या आसपास. केक घट्ट होण्यास एवढा फरक पुरतो. पाणी-दुधाला ही अडचण नाही.

दोन्ही मापे शेजारी छापलेल्या पुस्तकांत एकाच रकान्यातील आकडे घ्यावेत, अशी सूचना असते. औंस सोयीसाठी २५ ग्रॅ. धरल्याने सुमारे १२ टक्के तूट येते. ती सर्व जिन्नसांत सारखी असेल तर प्रमाण टिकते. मैदा ८ औंस (२२७ ग्रॅ.) आणि लोणी ४ औंसांऐवजी १०० ग्रॅ. घेतले, की लोणी १३ ग्रॅ. कमी पडते. अंडी नगावर मोजत असल्याने त्यांना अर्थात ही तडजोड लागू होत नाही.

ओव्हनच्या तापमानाचे ३५०° फॅ. म्हणजे १७७° से. होतात, छापताना १८०° देतात.